आधी विचारू या



उत्तर आयर्लंडमधील कॅथॉलिक आणि प्रोटेस्टंट समाजांच्या संघर्षात सुमारे ३० वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसे बळी पडली. नाव आणि शाळा कळली की माणूस कोणत्या बाजूचा ते ठरे. १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने तेथील लोकांना स्वतःला आयरिश, ब्रिटिश किंवा दोन्ही म्हणवून घेण्याचा हक्क मान्य केला. त्याच वर्षी तरुणांचे एक सर्वेक्षण सुरू झाले. त्यात १६ वर्षांच्या मुलामुलींनाच विचारतात: तू स्वतःला कॅथॉलिक समाजातील मानतोस, प्रोटेस्टंट समाजातील, की दोन्हींतील नाही?

प्रभू येशूनेही कैसरिया फिलिप्पीच्या परिसरात शिष्यांना आधी लोकांचे मत विचारले, मग त्यांचे स्वतःचे. उत्तर त्यांच्या तोंडी घातले नाही.

आपल्या धर्मग्रामातही ईस्ट इंडियन, गोवन, मंगळुरी, आदिवासी कुटुंबे एकाच वेदीभोवती जमतात. तरीही नवा तरुण दिसला की आपण आडनाव विचारतो आणि त्यावरून त्याची ओळख ठरवून मोकळे होतो. बाप्तिस्मा आपली बोली वा गाव पुसत नाही; पण त्यांची भिंतही होऊ देत नाही.

या आठवड्यात घरातील तरुणांना विचारू या, 'तू स्वतःला कोण समजतोस?' आणि उत्तर मध्येच न तोडता ऐकू या.

आपले धर्मगुरू