नाला की नदी?



आपल्या रामदासपेठेच्या अगदी जवळून एक नदी वाहते. हे वाचून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल, कारण आपण सारे तिला 'नाला' म्हणतो. पत्ता सांगताना 'नाल्याच्या पुलावरून या' म्हणतो आणि पुलावर पोहोचलो की नाकाला रुमाल लावून स्कूटरचा वेग वाढवतो. ही नाग नदी. हिच्याच नावावरून नागपूरला नाव मिळाले असे मानतात. लाव्ह्याच्या टेकड्यांकडून ती येते, अंबाझरी तलावातून पुढे निघून शहर ओलांडते आणि पूर्वेला कन्हानला मिळते.

निसर्गाशी नाते जोडा म्हटले की आपण पेंचच्या सहलीचा बेत आखतो. सहल जरूर करावी. वाघ दिसला तर देवाची स्तुती करावी, नाही दिसला तरी करावी. पण जे सुंदर आहे त्यावर जीव जडायला कष्ट पडत नाहीत. प्रश्न आहे तो घरामागच्या घाण पाण्याचा.

यहुदी तत्त्वचिंतक मार्टिन बूबर यांचा 'मी आणि तू' हा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. माणसाचे जगाशी दोन प्रकारचे संबंध असतात, असे ते सांगतात. समोरचे एक तर 'ते' असते, वापरायचे, मोजायचे. किंवा ते 'तू' होते. झाडसुद्धा माझ्यासाठी 'तू' होऊ शकते, असे त्यांचे म्हणणे. सेमिनरीत हे वाचले तेव्हा मला ते जरा कविकल्पना वाटले होते. आता वाटते, सगळा फरक हाकेत आहे. 'नाला' म्हटले की कचऱ्याची पिशवी भिरकावताना हात थांबत नाही.

असिसीच्या संत फ्रान्सिसने आठशे वर्षांपूर्वी पाण्याला बहीण म्हटले. त्याच स्तोत्राच्या शब्दांवरून पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली आपल्या परिपत्रकाला 'लाउदातो सी' हे नाव दिले. मी हे सांगत असता एका भगिनीने विचारले, "फादर, घरात शिरलेल्या पाण्याला बहीण कसे म्हणायचे?" २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आपण विसरलेलो नाही. काही तासांत १०० मिलीमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला आणि नाग नदी घराघरांत शिरली. माणसे दगावली, संसार चिखलात गेले. हा देवाने शिकवलेला धडा होता, असे मी त्या भगिनीला सांगणार नाही. असे बोलणे क्रूरपणाचे आहे. एवढेच म्हणेन की बहिणीचाही घरात वाटा असतो. नदीचे पात्र आपण ठिकठिकाणी बांधकामांनी आवळले, आणि पाणी जुनी वाट शोधत आले. तिच्या प्रश्नाचे हे पूर्ण उत्तर नाही, हे मला ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट. आपल्या नळाला येणारे पाणी मुख्यत्वे पेंच जलाशयाचे. ते आपल्याला स्वच्छ हवे असते. वापरून झाले की त्यातले पुष्कळसे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि तिथून भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्द धरणात जाते. त्या काठच्या शेतकऱ्याने, कोळ्याने आपले काय बिघडवले? 'माझा शेजारी कोण?' असे शास्त्र्याने प्रभूला विचारले होते. तेव्हा प्रभूने यरीहोच्या वाटेवरचा जखमी माणूस दाखवला. आपल्याला तो वाहत्या पाण्याच्या दिशेने शोधावा लागेल.

येत्या रविवारी सकाळच्या मिस्सानंतर धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुले आणि मी नदीकाठाने पायी जाणार आहोत. काठावर कोणती झाडे उरली आहेत, कुठे कुठे गटाराचे पाणी येऊन मिळते, हे मुले वहीत लिहून घेतील. वयस्कर मंडळींनी आवर्जून यावे. तुमच्या लहानपणी ही नदी कशी होती, ते मुलांना तुमच्याकडूनच कळेल. रुमाल आणायला हरकत नाही.

आपला,
फादर
(धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू)