सुटू नये म्हणून जपलेला प्रश्न

अमेरिकेतल्या निवडणुकांत गर्भपाताचा वाद आज इतका मुरला आहे की तो पहिल्यापासून पक्षांच्या सीमारेषेवरच उभा होता, असे वाटावे. इतिहास वेगळे सांगतो. १९६७ साली कॅलिफोर्नियातला गर्भपाताचा कायदा सैल करणाऱ्या विधेयकावर सही केली ती रिपब्लिकन गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी. १९७१ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट या कर्मठ प्रॉटेस्टंट पंथाच्या अधिवेशनाने ठराव केला की बलात्कार, गर्भातले गंभीर व्यंग किंवा आईच्या शारीरिक-मानसिक आरोग्याला धोका असेल, तर गर्भपाताला मुभा असावी. १९७३ च्या 'रो विरुद्ध वेड' खटल्यात सर्वोच्च न्यायालयात सात विरुद्ध दोन मतांनी गर्भपाताच्या हक्काला संरक्षण मिळाले. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती हॅरी ब्लॅकमन यांची नेमणूक रिपब्लिकन अध्यक्ष निक्सन यांनी केली होती.

गर्भपाताला संघटित विरोध होता तो मुख्यतः कॅथलिक चर्चचा, आणि कॅथलिक मतदार परंपरेने डेमोक्रॅटिक पक्षाचे. ही मते फोडता येतील हे निक्सन यांच्या पॅट ब्यूकॅनन यांच्यासारख्या सल्लागारांनी हेरले. १९७१ मध्ये निक्सन यांनी लष्करी रुग्णालयांतल्या गर्भपाताच्या सवलती आवळल्या. १९७२ च्या निवडणुकीच्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कचे कार्डिनल टेरेन्स कुक यांना पत्र लिहून त्या राज्यातला उदार कायदा रद्द करण्याच्या मोहिमेला पाठिंबा दिला. १९७८ मध्ये आयोवात गर्भपाताच्या हक्काचे समर्थक डेमोक्रॅटिक सिनेटर डिक क्लार्क अनपेक्षितपणे हरले. मतदानाआधीच्या रविवारी चर्चबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांवर गर्भपातविरोधी पत्रके लावली गेली होती. त्या निकालाने प्रचारतज्ज्ञांना एक धडा दिला: एकाच प्रश्नावर मत देणारे थोडे लोकही निवडणूक फिरवू शकतात. पुढच्याच वर्षी धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांची 'मॉरल मेजॉरिटी' ही संघटना उभी राहिली, आणि १९८० मध्ये गर्भपातबंदीच्या घटनादुरुस्तीचे आश्वासन देणाऱ्या जाहीरनाम्यावर रेगन अध्यक्ष झाले.

ती घटनादुरुस्ती रेगन यांच्या आठ वर्षांत झाली नाही. दुसऱ्या बाजूचेही तेच. बराक ओबामा यांनी २००७ मध्ये प्रचारात म्हटले की गर्भपाताच्या हक्काला कायद्याचे रूप देणाऱ्या विधेयकावर आपण सर्वांत आधी सही करू. २००९ मध्ये काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे बहुमत असताना ते म्हणाले, हा विषय आपल्या प्राधान्यक्रमात सर्वांत वर नाही. एका पक्षाला दर निवडणुकीत 'रो'वरचा संताप हवा होता, दुसऱ्याला 'रो' जाण्याची भीती. संताप आणि भीती टिकवायची, तर प्रश्न सुटून चालत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. गर्भातला जीव आणि स्त्रीचा आपल्या देहावरचा अधिकार इतके गंभीर विषय निवडणुकीत मांडायचे नाहीत, तर कुठे? मांडलेच पाहिजेत. माझी तक्रार ते ज्या रीतीने मांडले जातात तिच्याबद्दल आहे. प्रामाणिक उमेदवार तपशील सांगतो: कितव्या आठवड्यापर्यंत परवानगी, कोणते अपवाद, डॉक्टरला कोणती शिक्षा, आणि जन्मलेल्या मुलाचा भार सरकार किती उचलणार. डावपेच खेळणारा उमेदवार फक्त शत्रू दाखवतो. त्यात गर्भाला मनापासून जीव मानणारी बाईही वापरली जाते आणि नको असलेल्या गर्भारपणात अडकलेली बाईही.

२४ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'रो' रद्द केला आणि घोषणांचे कायदे झाले. टेक्सासमध्ये गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. आईचा जीव वाचवण्यासाठी अपवाद आहे, पण जीव नेमका कधी धोक्यात आला हे ठरवताना डॉक्टरला रुग्णाबरोबर तुरुंगाचाही विचार करावा लागतो. ही किंमत प्रचारसभेत कोणी सांगितली नव्हती.

मग लोकांना थेट विचारले गेले, आणि उत्तर पक्षांच्या हिशेबात बसले नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये पक्क्या रिपब्लिकन कॅन्ससने राज्यघटनेतले गर्भपाताचे संरक्षण काढण्याचा प्रस्ताव सुमारे ५९ टक्के मतांनी फेटाळला. २०२४ मध्ये मिझुरी, ॲरिझोना, मोंटाना आणि नेवाडा या राज्यांनी ट्रम्प यांना निवडले आणि त्याच दिवशी गर्भपाताच्या हक्कालाही कौल दिला. फ्लोरिडात सुमारे ५७ टक्के लोक हक्काच्या बाजूने होते, पण तिथे ६० टक्क्यांची अट असल्याने प्रस्ताव पडला. या मतदाराला पक्ष आणि प्रश्न वेगळे करता येतात. पक्षांनी मात्र ते एकत्रच बांधून ठेवले होते.

भारताने वेगळी वाट धरली. १९६४ मध्ये महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. असुरक्षित गर्भपातांत बायकांचे जीव जात होते, त्याचा तिने विचार केला, आणि १९७१ मध्ये कायदा झाला. त्यावर निवडणूक लढवली गेली नाही. त्या कायद्यातही अंतिम शब्द स्त्रीपेक्षा डॉक्टरचाच राहिला, ही त्याची मोठी उणीव. तरीही आधी चौकशी आणि मग कायदा, हा क्रम योग्य होता.

म्हणून मतदाराने उमेदवाराला एवढेच विचारावे: तुम्ही निवडून आल्यावर कायदा नेमका काय असेल, आणि तो कधी करणार? याचे उत्तर जो देत नाही, त्याला या प्रश्नावर मत मागण्याचा अधिकार नाही.