दोन नावे

नोकरीच्या अर्जात एक रकाना असतो. उमेदवार बहुधा तो सर्वांत शेवटी भरतो. 'आपणांस ओळखणाऱ्या, परंतु नातेवाईक नसलेल्या दोन जबाबदार व्यक्तींची नावे.' वय, शिक्षण, अनुभव हे सारे माणूस स्वतः सांगतो. येथे मात्र त्याला दुसऱ्याच्या शब्दावर उभे राहावे लागते.

असाच एक अर्ज घेऊन माझा एक जुना विद्यार्थी गेल्या उन्हाळ्यात संग्रामपूरच्या माझ्या घरी आला. घरची चार एकर कपाशी. एक साल पिकते, दोन साली बुडवते. बाहेरगावी एका गोदामात हिशेबनिसाची जागा निघाली होती. पहिले नाव त्याने एका पुढाऱ्याचे घातले होते.

"ते तुला ओळखतात का रे?" मी विचारले.

"मास्तर, मी त्यायले वळखतो ना!" तो हसून म्हणाला.

हसणे निर्मळ होते. पण ही गफलत आपणां सर्वांचीच आहे. ज्याला सारे ओळखतात त्याचे नाव आपण देतो. द्यायचे असते ते आपल्याला ओळखणाऱ्याचे.

मला अशा वेळी कृष्णाजी अर्जुन केळुसकर आठवतात. मुंबईच्या विल्सन हायस्कुलातले हे शिक्षक चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तेथे एक शाळकरी मुलगा नेमाने पुस्तक घेऊन बसलेला त्यांना दिसे. तो त्यांच्या शाळेचा नव्हता, नात्याचा नव्हता, जातीचाही नव्हता. त्यांनी आपण होऊन त्याची विचारपूस केली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला, तेव्हा सत्कारसभेत त्यांनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले; आणि पुढे पैशावाचून त्याचे शिक्षण अडले, तेव्हा त्याला घेऊन ते सयाजीराव महाराजांकडे गेले. महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. केळुसकरांजवळ ना सत्ता होती, ना संपत्ती. त्यांच्याजवळ एकच गोष्ट होती: बागेतल्या त्या बाकावर त्यांनी जे पाहिले होते ते. शिफारशीचे सारे मोल त्या पाहण्यात असते.

पण पाहिलेले सगळेच गोमटे नसेल तर?

अर्जातले दुसरे नाव माझे होते. हा मुलगा नववीत असताना सहलीच्या वर्गणीतले पैसे त्याने उचलले होते. आठ दिवसांनी तो एकटाच माझ्याकडे आला, पैसे पुढे ठेवले आणि मान खाली घालून उभा राहिला. त्यानंतर दोन वर्षे शाळेच्या वस्तुभांडाराचा हिशेब मी त्याच्याकडेच दिला. एक पैसा कधी कमी आला नाही. आता मी काय लिहावे? पहिली गोष्ट लिहिली तर पोराची वाट बंद. गाळली तर माझा शब्द खोटा?

रात्रभर विचार केला. वाटले, चौदा वर्षांच्या पोराची चूक जन्मभर त्याच्या गळ्यात बांधणे हा काही सत्याचा आग्रह नव्हे. न विचारलेले न सांगणे वेगळे आणि विचारल्यावर नाही म्हणणे वेगळे. त्याला बोलावून सांगितले, "बाळ, पत्रात भांडाराचे लिहितो. पण पैशाच्या बाबतीत कधी काही घडले का, असे कोणी थेट विचारले, तर दोन्ही गोष्टी सांगीन. नाव बदलायचे असेल तर आताच बदल." तो काही बोलला नाही. नावही बदलले नाही.

फोन आला. नेमके तेच विचारले गेले. मी चोरी सांगितली, परतफेड सांगितली, दोन वर्षांचा हिशेबही सांगितला. पलीकडे क्षणभर शांतता झाली. मग आभार मानून फोन ठेवला गेला. जागा दुसऱ्याला मिळाली.

माझ्या शब्दामुळेच गेली की काय, मला ठाऊक नाही. पण ती रुखरुख माझीच आहे आणि ती मी बाळगलीच पाहिजे. ज्याला ती सोसवत नाही, त्याने दुसऱ्यासाठी सही करू नये.

दसऱ्याला तो सोने द्यायला आला. पाया पडला. खिशातून नव्या अर्जाची प्रत काढून माझ्यापुढे धरली. पुढाऱ्याचे नाव आता त्यात नव्हते.

"मास्तर, पयलं नाव तुमचंच टाकलं."

मी चष्मा पुसला आणि त्या रकान्यातला माझा पत्ता तपासून पाहिला.