निष्ठा कुणाची, दागिने कुणाचे?

मी : निष्ठा जोखायची तर माणसाने काय मिळवलं ते पाहू नये, काय पणाला लावलं ते पाहावं. दादासाहेब फाळके घ्या. सिनेमे पाहून पाहून डोळे गेले, उपचारांनी दृष्टी परत आली, तर 1912 मध्ये विम्याची पॉलिसी गहाण टाकून स्वारी लंडनला. येताना विल्यमसन कॅमेऱ्याची व्यवस्था. 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तो असं सगळं झोकून दिल्यामुळेच.

तो : सगळं म्हणजे कुणाचं? दागिने गेले ते त्यांच्या पत्नीचे, सरस्वतीबाईंचे. कच्ची फिल्म भोकं न पाडलेली यायची. कंपनीचा स्वयंपाक, झाकपाक उरकून रात्री अंधारात त्या पट्टीला भोकं पाडायच्या त्याच. भोक जरा सरकलं की पडद्यावर चित्र नाचलंच म्हणून समजा. विषयही कसा निवडला पाहा! विश्वामित्राला शब्द दिला राजाने, काशीच्या बाजारात विकली गेली राणी तारामती.

मी : राजाही डोंबाघरी विकला गेलाच की. आणि सरस्वतीबाईंना बिचारी ठरवून तुम्ही त्यांच्या वाट्याची निष्ठाच काढून घेता. इतकं नाजूक काम नुसत्या धाकाने, रोज रात्री, बिनचूक होत नाही. मन असल्याशिवाय हात असे चालत नाहीत.

तो : हात मन लावून चालले, कबूल. पण नाही म्हणायची सोय असेल तरच होकाराला किंमत. त्या काळच्या बाईने दागिन्यांची पेटी कुलपात ठेवून किल्ली कमरेला लावली असती, तर तुमच्या लेखी ती काय ठरली असती?

मी : आडमुठी. इतिहासाने तिला नवऱ्याच्या आड आलेली बाई म्हणूनच नोंदवलं असतं, हे मान्य. पण नाही म्हणायची सोय हीच कसोटी लावली, तर आधी फाळकेच नापास होतील! त्या वेडाला नाही म्हणणं त्यांना तरी कुठे जमणार होतं? उलट त्यांना वेडाची झिंग होती. सरस्वतीबाईंपुढे उद्याचा शिधा आणि आजची पट्टी. झिंग नसताना केलेलं काम मी निष्ठेच्या हिशेबात वर धरीन.

तो : मग फाळक्यांनी काय पणाला लावलं? पॉलिसीसुद्धा संसाराचीच होती.

मी : डोळे त्यांचे स्वतःचे होते.

तो : आणि ते पुन्हा गेले असते, तर हात धरून चालवलं कुणी असतं?