स्थानवंदनाची पहिली पदयात्रा : पूर्वसिद्धतेचा विचार

परमेश्वरावताराने ज्या भूमीवर आसन केले, आरोगणा केली, वसती केली, ती भूमी 'स्थान' या संज्ञेस पात्र होते. स्थान स्वतः जड आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांत त्याची गणना प्रपंचातच होते. तथापि श्रीचरणांच्या संबंधामुळे ते वंद्य ठरते. त्या संबंधाचे स्मरण घडावे, एवढ्याचसाठी स्थानवंदन आहे. हे प्रयोजन ज्याच्या चित्तात स्थिर झाले, त्याची यात्रेची अर्धी तयारी झाली असे समजावे.

येथे शंका येते की, आज मोटारीने रिद्धपुरास काही घटकांत पोहोचता येते, मग पायी जाण्याचे कारण काय? समाधान असे : वाहनाने जाण्यात दोष नाही. वृद्धांनी, रुग्णांनी, लेकुरवाळ्या स्त्रियांनी वाहनानेच जावे. परंतु वाहनात दोन स्थानांमधील वाट नाहीशी होते आणि स्मरणाला लाभणारा अवधीही तिच्याबरोबर जातो. सर्वज्ञांनी हा महाराष्ट्र पायी हिंडून पावन केला. म्हाइंभटांनी लीळाचरित्रासाठी ज्यांनी लीळा पाहिल्या त्यांचा गावोगाव शोध घेतला व ऐकलेले पारखून घेतले. त्यांची वणवण स्मरणासाठी होती. पायी निघणाऱ्या यात्रिकाने तीच दृष्टी ठेवावी.

म्हणून पहिली सिद्धता ग्रंथाची. ज्या स्थानांचे वंदन करावयाचे, तेथील लीळा निघण्यापूर्वी वाचून मनात बसवाव्यात. स्थानपोथीत प्रत्येक स्थानाची खूण दिशेसह दिली आहे. ती साधूंकडून समजून घ्यावी. लीळा ठाऊक नसेल तर यात्रिक ओट्यापुढे मस्तक ठेवतो आणि त्याचे चित्त चपला कोठे काढल्या याचा विचार करीत राहते.

दुसरी सिद्धता देहाची. येथे एक दृष्टांत. शेतकऱ्याने नवी चामड्याची मोट आणली. उन्हाळा तोंडावर होता, म्हणून त्याने ती तशीच कोरडी विहिरीत सोडली. भरली मोट वर येताना शिवणीतून उसवली आणि पाणी विहिरीतच पडले. शेजाऱ्याने मोटेला आधी तेल पाजले, भिजत घातले, मऊ केले, मग जुंपली. त्याचा मळा भिजला. दार्ष्टांतिक असे : मोट म्हणजे देह, नाडा म्हणजे निर्धार, पाणी म्हणजे स्मरण. निर्धार कितीही बळकट असला तरी देह कमावलेला नसेल, तर स्मरण वाटेतच सांडते. पायाला फोड आलेल्या माणसाला दिवसभर फोडाचेच स्मरण घडते.

रिद्धपूर ते माहूर हा मार्ग उदाहरणादाखल घ्यावा. अमरावती, यवतमाळ, आर्णी या वाटेने तो सुमारे २०० किलोमीटरांचा आहे. श्रीगोविंदप्रभूंच्या नगरीतून निघून पैनगंगा ओलांडायची आणि श्रीदत्तात्रेयप्रभूंच्या डोंगरावर चढायचे, असा हा प्रवास. नवख्याने दिवसाची मजल १५ ते १८ किलोमीटरांहून अधिक धरू नये आणि चार-पाच मजलांनंतर एक दिवस विसावा घ्यावा. म्हणजे पंधरवडा लागतो. यासाठी दोन महिने आधी रोज पहाटे एक कोस चालण्यास आरंभ करावा व हळूहळू अंतर वाढवावे. शेवटच्या पंधरा दिवसांत पाठीवर तेवढेच ओझे घेऊन चालावे, जेवढे वाटेत न्यायचे आहे. नवी पादत्राणे घालून कधीही निघू नये. ती आधी पायाला सरावलेली असावीत. मधुमेह वा हृदयाची व्यथा असणाऱ्याने वैद्यांचा विचार घ्यावा आणि नित्याची औषधे गाठीशी ठेवावीत.

काळ मार्गशीर्ष ते माघ हा उत्तम. पावसाळ्यात वाटेवर सूक्ष्म जीवांची दाटी असते, आणि पाऊल टाकताना हिंसा टाळणे हा आपल्या आचाराचा पाया आहे. पहाटे चालावे, ऊन चढण्यापूर्वी मुक्काम गाठावा, पाणी गाळून प्यावे. मोठ्या रस्त्यावर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे, एकामागे एक चालावे.

तिसरी सिद्धता व्यवहाराची. वासनिकाने देणे चुकते करून, घरच्या वृद्धांची व्यवस्था लावून निघावे. भिक्षा हा संन्यस्ताचा आचार आहे. गृहस्थाने वाटखर्च स्वतःचा न्यावा आणि मार्गातील आश्रमांवर भार होऊ नये.

पुन्हा शंका : घरी आई अंथरुणाला खिळलेली आहे आणि यात्रेचा संकल्प झालेला आहे, तर काय करावे? किंवा अर्ध्या वाटेत सोबती आजारी पडला, तर संकल्प मोडल्याचा दोष लागतो काय? समाधान : पारध्यांपासून पळालेला ससा सर्वज्ञांच्या मांडीखाली आश्रयाला आला, तेव्हा स्वामींनी त्याला अभय दिले व पारध्यांच्या हातून सोडविले, ही लीळा सर्वांना विदित आहे. मुक्या जीवाविषयी ज्यांची एवढी करुणा, त्यांच्या स्थानाकडे निघालेल्याने तापाने फणफणलेला सोबती वाटेत टाकून पुढे जावे, हे संभवतच नाही. तसा जो पुढे जातो, त्याचे मस्तक ओट्याला टेकते, पण ज्या संबंधासाठी तो निघाला तो त्याला घडत नाही. आईच्या उशाशी बसून जो त्या स्थानाची लीळा आठवतो, त्याला स्मरण घडते. ओटा आहे तेथेच राहील. पुढच्या वर्षी जावे. परतणे हा दोष नव्हे. आजाऱ्याला टाकून जाणे हाच दोष होय.

शेवटची सावधगिरी अहंतेची. यात्रा पुरी करून परतलेला यात्रिक कोस मोजून सांगू लागतो, पायाचे घट्टे दाखवितो, न आलेल्यांना उणे लेखतो. ही मोट विहिरीबाहेर आली खरी, पण थारोळ्यात रिती होण्याऐवजी वाटेतच गळाली. मळ्याला थेंब पोहोचला नाही. काही कामना धरून, नवस बोलून निघणाऱ्याचेही असेच. स्थानापाशी मागणे एकच असावे, ते म्हणजे स्मरण सुटू नये.

माहूरच्या चढावर श्वास लागेल, पाय जड होतील. अशा वेळी घाई करू नये. क्षणभर थांबावे, नाम घ्यावे, मागून येणाऱ्या वृद्धाला हात द्यावा आणि मग देवदेवेश्वरास जावे. तेथे दंडवत घालताना अंगावरची धूळ झटकण्याची आठवण राहिली नाही, तर पूर्वसिद्धता सफल झाली असे जाणावे.

दंडवत प्रणाम.