शर्टाचं एक बटण

बीबीसीचे तेव्हाचे पत्रकार अँड्र्यू मार यांना जानेवारी २०१३ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि शरीराची डावी बाजू लुळी पडली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते आपल्या रविवारच्या कार्यक्रमात परतले. डावा हात पूर्ववत झाला नव्हता, तरी काम सुरू झालं. यात आत्मविश्वासाचा वाटा कोणता? मेंदूतल्या मेलेल्या पेशी विश्वासाने जिवंत होत नाहीत. पण उरलेला मेंदू सरावाने नव्या वाटा शोधतो, आणि तीच हालचाल शेकडो वेळा करत राहायला ‘मला जमेल’ ही खात्री लागते. अवघडलेल्या बोटांनी शर्टाचं एक बटण लागलं, की दुसऱ्यासाठी धीर येतो.

कुणी विचारेल, मग जो बरा झाला नाही, त्याचा विश्वास कमी पडला का? मुळीच नाही. इजा किती मोठी, उपचार किती लवकर मिळाले, यावर बरंच काही ठरतं. रुग्णाला दोष देणं हा अन्यायच आहे. उलट, त्याचा धीर टिकवणं ही घरच्यांची जबाबदारी आहे. म्हणून घाईघाईने त्याचं बटण लावून देऊ नका. दोन मिनिटं थांबा. त्याचं त्याला लावू द्या.