किती गुणांनी जिंकावे?



मागच्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर आपल्या युवक मंडळातला एक मुलगा आवारात माझी वाट पाहत उभा होता. तो महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघात खेळतो. या वर्षी त्यांचा संघ एकही सामना हरलेला नाही, त्यामुळे गडी खुशीत असेल असे मला वाटले. पण जवळ येऊन तो हळूच म्हणाला, "सर, एक विचारायचं होतं. फार मोठ्या फरकानं जिंकलो, तर ते पापनिवेदनात सांगायचं असतं का?"

मला हसू आले, पण तो हसत नव्हता.

झाले असे होते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत त्यांची गाठ तालुक्याच्या एका छोट्या महाविद्यालयाशी पडली. त्या मुलांकडे सरावाला मातीचे मैदान आणि एकच खांब. बदली खेळाडू दोन. मध्यंतरालाच सामना संपल्यात जमा होता. तेव्हा आमच्या या मुलांनी आपापसांत ठरवले, की समोरच्यांना दहाच्या आत ठेवायचे. मग शेवटच्या मिनिटापर्यंत त्यांच्या अंगावर जाऊन चेंडू हिसकावला. निकाल लागला ८८-९. घरी येऊन त्याने आजीला मोठ्या कौतुकाने सांगितले. आजीने भाकरी ताटात टाकली आणि एवढेच म्हणाली, "एवढं हरवून कुणाचं भलं झालं रे बाबा?" त्यानंतर ती त्या विषयावर बोललीच नाही, आणि हेच त्याला लागले होते.

मी इतकी वर्षे शाळेत शिकवले, मुलांना मैदानावर जिंकताना आणि हरताना पाहिले, पण माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. "पुढच्या रविवारी बोलू," म्हणून त्याला पाठवले. तो आठवडा मी याच विचारात घालवला.

पहिल्यांदा आठवला तो पुण्याचा एक जुना सामना. डिसेंबर १९४८, रणजी करंडक, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाडचा डाव २३८ धावांत आटोपला. महाराष्ट्राचे कोल्हापूरकर भाऊसाहेब निंबाळकर खेळायला उतरले आणि उतरलेच नाहीत, म्हणजे बादच झाले नाहीत! तिसऱ्या दिवशी महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या आणि त्यांत निंबाळकरांच्या नाबाद ४४३ होत्या. त्या वेळी जगातील सर्वोच्च खेळी डॉन ब्रॅडमन यांची, १९३० सालची, नाबाद ४५२. म्हणजे आणखी दहा धावा झाल्या असत्या तर तो विक्रम एका मराठी माणसाच्या नावावर लागला असता. पण मधल्या विश्रांतीत काठियावाडचे कप्तान, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी पुढे खेळायला नकार दिला. सामना सोडून त्यांचा संघ निघून गेला. निंबाळकर ४४३ वर थांबले ते कायमचेच. भारताकडून अधिकृत कसोटी खेळण्याची संधीही त्यांना कधी मिळाली नाही. २०१२ साली ते वारले.

ही गोष्ट सांगताना आपण नेहमी ठाकूरसाहेबांना दोष देतो. मीही वर्गात तशीच सांगत आलो. एवढा कसला कोता मनाचा कप्तान! आपल्या संघाविरुद्ध विक्रम झाला असे पुस्तकात नको, म्हणून दुसऱ्याच्या तोंडचा घास काढणारा! पण या वेळी आजीचे वाक्य कानात होते, म्हणून मी हिशेब मांडला. महाराष्ट्राकडे ५८८ धावांची आघाडी होती. जिंकण्यासाठी आणखी एकाही धावेची गरज नव्हती. तरी डाव चालू ठेवला, तो त्या दहा धावांसाठी. म्हणजे त्या तिसऱ्या दिवशी काठियावाडचे अकरा जण प्रतिस्पर्धी उरले नव्हते. ते चेंडू टाकण्यासाठी आणि आणून देण्यासाठी ठेवलेली माणसे झाले होते. ठाकूरसाहेब चुकले असे मला आजही वाटते. पण त्यांना काहीतरी खुपले, ते अगदीच खोटे नव्हते. खरे पाहता त्या दिवशी दोन्ही बाजूंचे लक्ष खेळावरून उडाले होते. एकाला आपले नाव पुस्तकात हवे होते, दुसऱ्याला नको होते.

आणि आपण तरी काय वेगळे आहोत? आपल्या जालन्याच्या विजय झोलने २०११ साली १९ वर्षांखालील मुलांच्या कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या, तेव्हा आपण सगळे हरखून गेलो. ब्रॅडमनपेक्षा फक्त एक कमी! त्या पोराच्या चिकाटीचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण आसामची मुले त्या दिवशी जेवली तरी का, असे कुणी विचारले नाही. मीही नाही.

पोरांच्या खेळात एवढा विचार कशाला, असे काही जण म्हणतील. संत थॉमस अक्वायनस यांना तसे वाटले नव्हते. तेराव्या शतकात या महापंडिताने आपल्या मोठ्या ग्रंथात खेळ आणि करमणुकीवर एक प्रश्नच मांडला आहे. खेळातही सद्गुण असू शकतो, आणि ज्याला खेळ अजिबात चालत नाही तोही दोषी ठरू शकतो, असे ते मानतात. मात्र ते मर्यादाही घालतात. खेळात दुसऱ्याला इजा करणारे काही नसावे, आपला तोल सुटू नये, आणि व्यक्ती, वेळ व स्थळ पाहून खेळ असावा. यातला 'व्यक्ती' हा शब्द माझ्या मनात राहिला. बास्केटबॉलचा जन्मही अशाच विचारातून झाला आहे. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ काढला. ते धर्मशास्त्र शिकलेले गृहस्थ. त्यांनी टोपली उंच टांगली आणि चेंडू हातात घेऊन पळायला बंदी केली, ती मुलांनी एकमेकांना आडवे पाडून जखमी करू नये म्हणून.

तरी याच खेळात १३ जानेवारी २००९ रोजी अमेरिकेतील डॅलस शहरात १००-० असा निकाल लागला. हा मुलींच्या शाळांचा सामना होता. जिंकणारी शाळा ख्रिस्ती होती. हरणाऱ्या शाळेत शिकण्यात अडचणी असलेली मुले-मुली येतात आणि तिचा संघ जेमतेम आठ जणींचा होता. चार वर्षांत तो एकही सामना जिंकला नव्हता. मध्यंतराला ५९-० झाले होते. पुढे शंभर जवळ येऊ लागले तसा जिंकणाऱ्यांच्या बाजूने जल्लोष वाढत गेला, असे त्या वेळच्या बातम्यांत आले होते. नंतर जिंकलेल्या शाळेने जाहीर क्षमा मागितली आणि हा विजय आम्हाला नको असे कळवले. प्रशिक्षकाला मात्र ते मान्य नव्हते. आपल्या मुली प्रामाणिकपणे खेळल्या, त्यात लाज कसली, असे त्याचे म्हणणे. त्याला काढून टाकण्यात आले.

मला यात त्या शाळेचे पटते. पण प्रशिक्षकाचे बोलणेही मी झटकून टाकू शकत नाही. त्याचे कारण सांगतो.

मी तेरा-चौदा वर्षांचा असताना आमच्या गावच्या जत्रेत कबड्डीचे सामने होत. शहरातून एक तगडा संघ आला होता. आम्ही पोरे त्यांच्यापुढे काहीच नव्हतो. मी चढाईला गेलो. त्यांच्यातला एक दांडगा गडी मुद्दाम पुढे आला, मला हात लावू दिला, खोटेच कोलमडून पडला आणि बाकीच्यांनी मला मध्यरेषेपर्यंत टाळ्या वाजवत पोहोचवले. सगळी जत्रा हसली. त्यांनी मला गुण दिला होता! तो सामना आम्ही किती गुणांनी हरलो ते आज मला आठवत नाही. ते हसणे मात्र पन्नास वर्षांनंतरही आठवते. त्यांनी मला पकडून मातीत लोळवले असते, तर ते मी केव्हाच विसरलो असतो.

म्हणून 'दया दाखवा, सोडून द्या' हे उत्तर मला त्या मुलाला देता येईना. दुबळ्या संघापुढे डाव्या हाताने खेळणे, चेंडू उगाच फिरवत ठेवणे, हीसुद्धा समोरच्याची थट्टाच आहे. जो आपल्याशी खेळायला आला आहे, त्याचे आपण खेळणे देणे लागतो.

इथे मला कनेक्टिकट विद्यापीठाच्या मुलींचा संघ आठवला. महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये एवढा दबदबा क्वचितच कुणाचा असेल. २०१३ ते २०१६ अशी ओळीने चार वर्षे त्यांनी अमेरिकेचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. ब्रिआना स्टुअर्ट ही त्यांची उंच खेळाडू चारही वर्षे संघात होती. २०१५-१६ च्या हंगामात त्या ३८ सामने खेळल्या आणि ३८ जिंकल्या. २६ मार्च २०१६ रोजी राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी मिसिसिपी स्टेट विद्यापीठाला ९८-३८ असे हरवले. साठ गुणांचा फरक! मध्यंतरालाच ६१-१२ झाले होते. हा संघ या खेळाचा जीव घेत आहे, अशी टीका झाली. प्रशिक्षक जीनो ऑरिएमा हे इटलीत जन्मलेले, परखड माणूस. टायगर वुड्स सगळ्यांना हरवत होता तेव्हा गोल्फचे वाटोळे झाले असे कुणी म्हणाले नाही, त्याच्यामुळे बाकीचे सुधारले, असे त्यांचे उत्तर होते.

मी आकडे पुन्हा पाहिले. दुसऱ्या अर्धात कनेक्टिकटचे ३७ गुण झाले आणि मिसिसिपीचे २६. म्हणजे खेळ चालू राहिला, पण समोरच्यांना बारावरच चिरडून ठेवायचे, असा काही तो खेळ नव्हता. हरणाऱ्या मुलींनी त्या अर्धात आपल्या पहिल्या अर्धाच्या दुपटीहून अधिक गुण केले, आणि ते कुणी दान दिलेले नव्हते.

पुढचे वर्ष आले. कनेक्टिकटचा संघ हरत नव्हताच. नोव्हेंबर २०१४ पासून सलग १११ विजय झाले. ३१ मार्च २०१७ रोजी, डॅलस शहरातच, उपांत्य सामन्यात समोर पुन्हा मिसिसिपी स्टेट. सामना बरोबरीत सुटून जादा वेळेत गेला. अखेरच्या क्षणी मॉर्गन विल्यम नावाच्या साडेपाच फुटांहूनही थोड्या बुटक्या मुलीने चेंडू टाकला आणि तो टोपलीत पडला. ६६-६४. एकशे बारावा विजय झालाच नाही. वर्षापूर्वी साठ गुणांनी हरलेल्या त्याच संघाने हे केले. दोन दिवसांनी अंतिम सामन्यात मात्र त्या साउथ कॅरोलायनाकडून हरल्या. आयुष्य असेच असते, कथेसारखे नसते.

आपल्याकडेही याच जातीचे एक उदाहरण आहे, आणि ते त्याच १९४८-४९ च्या हंगामातले आहे. डिसेंबरात ज्या महाराष्ट्राने काठियावाडला दमवले, त्याच महाराष्ट्राची गाठ मार्चमध्ये पुण्यातच मुंबईशी पडली. मुंबईने पहिल्या डावात ६५१ धावा केल्या, महाराष्ट्राने ४०७. हाती २४४ ची आघाडी असताना मुंबई पुन्हा खेळली आणि ८ बाद ७१४ पर्यंत खेळतच राहिली. महाराष्ट्रापुढे लक्ष्य ठेवले ९५९ धावांचे. आता मैदान सोडून जावेसे वाटण्याची पाळी आपली होती. महाराष्ट्राचा संघ गेला नाही. त्याने चौथ्या डावात ६०४ धावा केल्या आणि ३५४ धावांनी हरला. त्या एका सामन्यात २३७६ धावा झाल्या. डिसेंबरातल्या ८२६ पेक्षा मार्चमधल्या ६०४ मला मोठ्या वाटतात, पण हे माझे मत झाले.

पुढच्या रविवारी तो मुलगा आला. मी त्याला हे सगळे सांगितले, थोडे लांबवूनच सांगितले असेन. मग विचारले, "त्या संघाच्या कप्तानाचं नाव काय?"

तो गप्प झाला. त्याला नाव माहीत नव्हते. चाळीस मिनिटे ज्याच्या अंगावर धावून गेला, त्याचा शर्टावरचा नंबरही त्याला आठवत नव्हता. नऊ हा आकडा तेवढा पाठ होता.

"दहाच्या आत ठेवायचं, हे कुणाविरुद्ध ठरवलं होतंत?" मी विचारले.

"कुणाविरुद्ध नाही सर. नुसतं ठरवलं."

"मग ते सांग फादरांना. अठ्ठ्याऐंशीचं सांगायची गरज नाही."

हे त्याने आजीला सांगितले म्हणे. आजीला ते पटलेले नाही. तिच्या मते अठ्ठ्याऐंशीही जास्तच झाले, आणि सरांना काय कळतंय. परवा मिस्साला भेटल्यावर तिने मलाच विचारले, "त्या पोरांना यांच्या मैदानावर खेळायला बोलवता येत नाही का? तिथं दोन खांब आहेत म्हणे." मी क्रीडाशिक्षकांना विचारतो म्हणालो आहे. अजून विचारलेले नाही.